बड्या देशाचा बांध

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, म्हणून सांगूनच टाकतो. एवढी फजिती माझ्या शत्रूचीही होऊ नये. आणि भीती म्हणाल तर ती अजून गेलेली नाही.

मी मुरुमच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नेमणुकीचा नवा कागद. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांची सही झाली तर मी प्राध्यापक, नाही झाली तर मी नुसताच घरी. वर्षभर माणूस त्या सहीला भिऊन जगतो. मी तर झोपेतही भितो!

विषय आंतरराष्ट्रीय संबंध. पुस्तकात काय, तर बडे देश काय करतात, एवढंच. मला वाटलं, पोरांना कळू दे, जगाकडं बघायच्या अजून तऱ्हा आहेत. दुबळ्या देशाला हेच जग कसं दिसतं? बायकांना विचारलं तर त्या काय सांगतील? ज्याला जमीनच नाही, त्याला सीमा म्हणजे काय? पण हे फळ्यावर लिहिलं की पोरं जांभया देतात.

मग मला सुचलं. सुचलं तिथंच घात झाला!

म्हटलं, आपापल्या शिवारातलं एक बांधाचं भांडण घ्या. शेत म्हणजे देश, बांध म्हणजे सीमा. नावं झाकून ठेवायची. आणि भांडण चार बाजूंनी लिहायचं: बड्याच्या, लहानाच्या, खुरपणाऱ्या बाईच्या आणि दोघांच्याही रानात राबणाऱ्या मजुराच्या.

अश्विनी नावाच्या मुलीनं काय लिहिलं होतं! बडा देश दर नांगरटीला लहान देशाचा बांध थोडा थोडा कोरतो आणि वर लहान देशालाच चहाला बोलावतो. खुरपणारी बाई म्हणते, 'मला कुणी इचारत न्हाय, पण बांध कुठं होता ते माझ्या पायाला ठावं हाय.' मी इतका खूश, की वर्गात मोठ्यानं वाचलं आणि चारही पानं सूचना फलकावर लावली.

दुसऱ्या दिवशी आमचे शिपाई दगडूमामा फलकासमोर उभे. चष्मा वर करून वाचत होते.

"सर, ह्यो बडा देश कोण, ठावं हाय का?"

"कोण?"

"आपले अध्यक्षसायेब. पोरीच्या बापाचं रान त्यांच्याच बांधाला हाय."

पायाखालची जमीन सरकली हो, बांधासकट! मी पानं उपटून खिशात कोंबली.

"आन् तुमाला बोलवलंय त्यांनी," मामा म्हणाले. "तेच सांगाया आलतो. लगेच या म्हणले."

आता तुम्हीच सांगा, काय समजायचं माणसानं? नोकरी गेलीच, असं धरून मी जिना चढलो. बायकोला काय सांगायचं, तेही वरच्या पायरीपर्यंत ठरवून झालं.

अध्यक्ष कागद चाळत बसले होते. मान वर केली नाही. मला राहवेना.

"साहेब, बांध कोरलेला नाही! बांध तुमचाच आहे! पोरगी लहान आहे, माफ करा!"

त्यांनी मान वर केली.

"कुठला बांध?"

मी दाराकडं बघितलं.

"मी तर स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन तुमी करा म्हणून बोलवलं. कुठला बांध म्हणता?"

माझा हात आपोआप खिशावर गेला. त्यांची नजरही. झालं! पानं टेबलावर आली.

चारही पानं त्यांनी सावकाश वाचली. मग म्हणाले, "पोरीला बोलवा."

आता मात्र मला स्वतःपेक्षा तिची भीती वाटायला लागली. अश्विनी आली.

"तूच लिवलंस?"

"व्हय, आबा."

"मी बांध कोरला?"

"व्हय. आई तिथं खुरपती. तिला इचारा." आवाज कापत होता, पण मागं सरली नाही.

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "सर, तुमी शिकलेले. सांगा, पोरगी खरं बोलती का खोटं?"

एक शब्द पुरला असता. अश्विनी माझ्याकडं बघत होती. मला मात्र जूनची सही दिसत होती. मी घसा खाकरला आणि म्हणालो,

"दोन्ही देशांनी संयम पाळावा."

अध्यक्ष खुर्चीतून पडायचे बाकी राहिले, एवढे हसले. डोळे पुसत तिला म्हणाले, "बापाला सांग, मोजणीचा अर्ज कर. निघंल ते निघंल." ती माझ्याकडं न बघता निघून गेली.

पुढं मोजणी झाली, बांध जागेवर गेला. जूनला माझी सहीसुद्धा झाली. म्हणजे सगळं चांगलंच झालं म्हणायचं, माझ्याशिवाय.

कारण मोजणीच्याच आठवड्यात मी वर्गात विचारून बसलो, "आंतरराष्ट्रीय संघटनांच्या मर्यादा उदाहरणासह कोण सांगेल?"

अश्विनी उभी राहिली. सगळा वर्ग आधीच माझ्याकडं बघत होता.

"सर, उदाहरणात तुमचं नाव घेऊ, का झाकून ठेवू?"