काठ्यांवरची नावं

अबू धाबीच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातला तो सुतार दरवर्षी माझं डोकं खातो. आमच्या ऑफिसातले आयरिश लोक हर्लिंग खेळतात. हॉकीसारख्या, पण रुंद पात्याच्या काठ्या, आणि खेळ कमी, हाणामारी जास्त. सीझनआधी दुबई आणि अबू धाबीच्या टीमची चॅरिटी मॅच असते. मोडक्या काठ्या दुरुस्त करून आणायचं काम माझ्या गळ्यात.

सुतार रत्नागिरीकडचा, साठीचा. काठी हातात आली की आधी तिच्यावरून अंगठा फिरवणार, मग चहा मागवणार.

"शुक्रवारी नक्की ना, चाचा?"

"इन्शाल्ला."

यापलीकडे शब्द नाही.

यंदा मॅचच्या सकाळी तो स्वतःच काठ्या घेऊन मैदानावर आला. बघतो तर खेळाडूंनी लिहिलेली नावं घासून साफ! कुणाची काठी कुठली, कळेना. दोन्ही टीम माझ्यावर डाफरायला लागल्या.

"अहो चाचा, नावं कशाला घासलीत?"

त्याने शांतपणे काठीवरून अंगठा फिरवला.

"चॅरिटीचा खेळ म्हणालात ना? मग नाव कशाला पायजे?"

कपाळावर हात मारून मी तणतणत त्याच्याकडे पाठ फिरवली. व्हॉलंटियरच्या टी-शर्टवर पाठभर माझं नाव छापलेलं आहे, हे मला दोन पावलं गेल्यावर आठवलं.