चेहऱ्याच्या मापाचा उजेड

नोंदणी कचेरीसमोर जो फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. स्वभाव असा की नाकावर माशी बसू देणार नाहीत, पण हात मात्र सफाईचा. वडिलांकडून धंदा हाती आला तेव्हा त्या विशीत होत्या, आता पन्नाशी उलटली. परवाना असो की ओळखपत्र, गावातल्या अर्ध्याअधिक लोकांना "हनुवटी खाली, खांदे सरळ, हसू नका" असं काकूंनी कधी ना कधी दरडावलेलं आहे.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. टोकाला पांढरा पडदा, त्याच्यापुढे स्टूल, दोन बाजूंना दोन दिवे. दिवे कुठे ठेवायचे याच्या खुणा वडिलांनी फरशीवर चिकटपट्टीने करून ठेवल्या होत्या. कॅमेऱ्याचे आकडेही त्यांनीच ठरवलेले. त्याला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. एखाद्या काळ्या माणसाचा फोटो गडद आला, तर काकू कॉम्प्युटरवर त्याचा चेहरा थोडा उजळून द्यायच्या. न विचारता. वर "बघा, कसे छान दिसताय" असंही म्हणायच्या. आपण भलं करतोय अशी त्यांची अगदी प्रामाणिक समजूत होती.

एका बुधवारी सरकारी दवाखान्यातली नर्स फोटो काढायला आली. तिचे पणजोबा रेल्वेचे रूळ टाकायला समुद्रापलीकडून आणलेल्या मजुरांपैकी होते. म्हणजे ती, तिची आई, तिची आजी, सगळ्या याच गावात जन्मलेल्या. तरी रंग पाहून लोक तिला "मूळच्या कुठल्या?" असं विचारायचे, आणि काकूंनीही विचारलं. तिने नेहमीचं उत्तर दिलं. नर्सिंगच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं होतं आणि शुक्रवारी पाच वाजता मुदत संपत होती. मुदत हुकली तर सोमवारपासून वॉर्डात पाऊल टाकायची सोय नव्हती.

काकूंनी फोटो काढला, नेहमीप्रमाणे उजळला आणि दिला. गुरुवारी नर्स तो परत घेऊन आली. समोरच्या कचेरीत खिडकीवरच्या कारकुनाने तो तिच्या चेहऱ्याशेजारी धरून पाहिला आणि ही बाई तुम्ही नव्हे, असं म्हणून ढकलून दिला होता.

काकूंचा पारा चढला. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल तक्रार नाही, वगैरे ऐकवून त्यांनी दुसरा फोटो काढला आणि रागाने मुद्दामच उजळला नाही. कारकुनाने तो यंत्रात घातला. यंत्र म्हणालं, चेहरा स्पष्ट नाही. खोटं नव्हतं ते. पांढऱ्या पडद्यासमोर केस, कपाळ, गाल सगळं एक झालं होतं.

शुक्रवारी दुपारी ती तिसऱ्यांदा दारात उभी राहिली, तेव्हा काकू वैतागून म्हणाल्या, "आता मी काय करू? तुमचा चेहरा फोटोत येतच नाही."

नर्स चिडली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, माझा चेहरा आरशात येतो. माझ्या पेशंटना अर्ध्या उजेडातही ओळखू येतो. मग तुमच्याच कॅमेऱ्यात का येत नाही?"

काकूंना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांची नजर फरशीवरच्या खुणांकडे गेली. त्या खुणा करताना वडिलांनी स्टुलावर कोणाला बसवलं होतं, ते त्यांना लख्ख आठवलं. आपल्या गोऱ्या लेकीला. त्यांनाच. अख्खं गाव इतकी वर्षं काकूंच्या चेहऱ्याच्या मापाच्या उजेडात बसत आलं होतं, आणि ज्याला ते माप बसलं नाही, त्याच्या चेहऱ्यालाच काकू दोष देत होत्या. त्यांना शरम वाटली.

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि नखाने चिकटपट्टी खरवडू लागल्या. जुनी पट्टी, निघता निघेना. नर्सने पर्समधून छोटी कात्री काढून दिली आणि तीही शेजारी बसली.

मग खटपट सुरू झाली. स्टूल पडद्यापासून पुढे ओढलं, एक दिवा गालाजवळ आणला, दुसरा मागे वळवला. खालून चेहऱ्यावर उजेड परतावा म्हणून तिला मांडीवर थर्माकोलचा पांढरा तक्ता धरायला दिला. आकडे बदलून बदलून काकूंनी वीसेक फोटो पुसले. मध्ये मध्ये नर्स बोलत होती. शाळेच्या वर्गाच्या फोटोत तिचे नुसते दात दिसतात, आणि मुलं त्यावरून किती वर्षं हसत होती. दवाखान्याच्या फाटकावर बाकीच्या नर्स मान हलवून आत जातात. हिला रोज ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि फोटो चेहऱ्याशी जुळत नाही म्हणून रखवालदार रोज हुज्जत घालतो. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. काकूंना तेच जास्त लागलं. आपण असतो तर पहिल्याच दिवशी फाटक डोक्यावर घेतलं असतं, असं त्यांना वाटून गेलं. आणि तसं केल्यावर आपली नोकरी टिकली असती, हिची टिकली नसती, हेही कळलं.

साडेचारला कॉम्प्युटरच्या पडद्यावर जो चेहरा उमटला, तो बघायला दोघी पुढे वाकल्या. दाट तपकिरी कातडीवर तांबूस झाक, डोळ्यापाशी बारीक सुरकुती, वरच्या ओठाशी तीळ.

"मी आईसारखी दिसते," नर्स म्हणाली. "मला कोणी सांगितलंच नव्हतं."

स्टुडिओला कुलूप न लावताच काकू तिच्याबरोबर रस्ता ओलांडून पळाल्या. यंत्राने फोटो पहिल्या फटक्यात घेतला. कारकुनाने सवयीने आणखी एक मागणी केली, जन्मदाखल्याची.

"यादीत तो नाही," नर्स म्हणाली. लागणाऱ्या कागदपत्रांची छापील यादी तिने काचेला टेकवून धरली.

"आणि हिच्या आधीच्या बाईंकडे तुम्ही मागितला नाही," काकू म्हणाल्या. "मी मागेच उभी होते."

रांगेतली माणसं कारकुनाकडे बघू लागली. पाचला चार मिनिटं कमी असताना शिक्का पडला. काकूंच्या जिवात जीव आला, आणि नर्सने तिथेच, सगळ्यांदेखत, काकूंना घट्ट मिठी मारली.

सोमवारी ती कामावर गेली. मंगळवारी स्टुडिओच्या दारावर काकूंच्या अक्षरात पाटी लागली: "ज्यांचे चेहरे आमच्याकडून गडद आले किंवा न विचारता उजळले गेले, त्यांनी जुना फोटो घेऊन यावे. चूक आमची होती. नवा काढून देऊ." शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, धंद्यात चूक अशी दारावर टांगतात होय? काकूंनी त्याला त्याचं मशीन सांभाळायला सांगितलं.

रविवारी त्या रूळ टाकणाऱ्या मजुरांच्या वंशजांची अख्खी रेल्वे वसाहत लोटली. आज्या, नवरा-बायको, तान्ही बाळं, सगळे ठेवणीतले कपडे घालून. रांग कचेरीच्या फाटकाला टेकली आणि स्टुडिओ हसण्याने दणाणून गेला. एक इंजिन ड्रायव्हर बारा वर्षांपूर्वीचं ओळखपत्र घेऊन आला होता. काकूंनी ते हातात घेतलं आणि मान खाली घालून म्हणाल्या, "माझ्या लक्षातच आलं नाही हो."

"आम्हाला तेव्हाच दिसत होतं, काकू," तो स्टुलावर बसत म्हणाला. "बरं झालं, आता तुम्हालाही दिसलं."

काकूंनी डोळे पुसले, दिवा त्याच्या गालाजवळ ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला सांगितलं की हसायचं असेल तर खुशाल हसा.