एका रिंगेचा वाघ

मला नीटनेटकेपणाचा रोग आहे. घरात डब्यांनासुद्धा चिठ्ठ्या लावते. त्यामुळे आरमोरीकडच्या एका वनकार्यालयात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले आणि साहेबांनी पहिलं काम सांगितलं, तेव्हा मला आनंदच झाला.

वाघ, अस्वल किंवा हत्ती दिसला की गावांना सावध करणारे इशारे जिल्ह्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडून होते. मधेमधे गुड मॉर्निंगचे गुलाब, लग्नपत्रिका, वडशाच्या नाटकाची जाहिरात. त्यातून इशारे तेवढे वेचून एसक्यूएल डेटाबेसमध्ये भरायचे होते. एका इशाऱ्याची एक ओळ : काय दिसलं, कुठे, कधी, कोणी कळवलं. वेळेच्या रकान्यात डेटाबेस 'गाई परतल्यावर' घेईना. मी ठरवून टाकलं, आमच्या गाई सहा वाजता परततात.

तीन आठवड्यांनी साहेबांनी यादी मागितली. ज्या रोजंदारी चौकीदाराच्या नावावर एकही इशारा नाही, त्याला पुढच्या महिन्यापासून कामावर ठेवायचं नव्हतं. मी यादी काढली. नाल्यापलीकडच्या नाक्यावरच्या म्हाताऱ्या चौकीदारभाऊंच्या नावापुढे शून्य होतं. त्या नाक्यावरचे सगळे इशारे पाठवले होते आमच्या कार्यालयातल्या बाबूंनी. हे बाबू भिंतीवर पाल दिसली तरी पाय खुर्चीवर घेतात.

यादी पाहून साहेब खूश झाले.

"बाबू, एवढी नजर असलेला माणूस टेबलावर बसवायचा? उद्यापासून तुमची ड्यूटी नाक्यावर."

बाबूंचा चेहरा पडला. "साहेब, मी वाघ फक्त कॅलेंडरवर पाह्यला जी!"

मग सगळं बाहेर आलं. चौकीदारभाऊंचा फोन साधा, बटणांचा. रेंज मिळते एकाच दगडावर. ते दगडावर चढून बाबूंना मिस्ड कॉल देत. एक रिंग म्हणजे वाघ, दोन म्हणजे अस्वल, तीन म्हणजे हत्ती, आणि चार वाजल्या तर नाक्यावरची चहापत्ती संपली. बाबू खुर्चीत बसून रिंगा मोजायचे आणि ग्रुपवर 'सावधान!' लिहायचे. आयत्या बिळावर नागोबा!

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?" मी चिडून विचारलं.

"कोणी इचारलंच नाई," बाबू म्हणाले.

मी भांडले, तेव्हा यादी दुरुस्त करायला साहेबांनी एक दिवस दिला. मी डेटाबेसमध्ये नवा रकाना काढला, 'कोणी पाहिलं', आणि बाबूंच्या ओळींत तिथे चौकीदारभाऊंचं नाव भरायचा हुकूम डेटाबेसला दिला. पण कोणत्या ओळींत भरायचं, ती अट लिहायलाच विसरले. एका झटक्यात साऱ्या ओळी चौकीदारभाऊंच्या झाल्या. आरमोरीत अस्वल दिसलं ते त्यांना, त्याच मिनिटाला भामरागडला हत्ती दिसले तेही त्यांनाच.

साहेब म्हणाले, "हा माणूस उडतो का?"

नशीब, आदल्या दिवशीची प्रत पेनड्राइव्हवर होती. ती परत चढवली, अट दोनदा वाचली, आणि या वेळी फक्त बाबूंच्याच ओळी हलल्या. साहेबांनी तपासून भाऊंचं काम पुढे चालू ठेवायच्या कागदावर सही केली.

दोन दिवसांनी चौकीदारभाऊ स्वतः आले. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना खुर्ची दिली आणि त्यांच्या ओळी दाखवायला लागले. वाघ, नाका, सकाळी. अस्वल, नाका, संध्याकाळी. वाघ. वाघ. हत्ती. मी ओळी वर सरकवत होते आणि त्या संपत नव्हत्या. भाऊ टोपी हातात धरून पाहत राहिले.

"मॅडम, हे सारं माहं?"

"हो भाऊ, सगळं तुमचंच."

"एवढ्या खेपा मी वाचलो?"

माझा हात माऊसवरच थांबला. तीन आठवडे मी त्या ओळी वेचल्या, नीट लावल्या, त्यांच्यासाठी साहेबांशी भांडलेसुद्धा. पण प्रत्येक ओळीत हा माणूस जनावरासमोर एकटा उभा होता, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

भाऊंनी दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, माह्या बायकोले हे नोका दाखवजा. कामावर जाऊ नाई देणार मले."