पुरं घर

साळवेमामा दर शनिवारी अर्धी रजा घेत. साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात ते पॅकिंगला होते आणि हजेरीपट माझ्याकडे. कारण विचारलं, तर म्हणाले, "बाई, फोटोवाले येनारेत. कचेरीत शनिवार म्हनले."

मानखुर्दला त्यांची झोपडी होती. सरकारी मोजणीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाचा झोपडीसमोर फोटो काढून फोटोपास दिला गेला. तो असेल तर झोपडी पाडल्यावर दुसरी जागा मिळे. नसेल तर रस्ता. मोजणीच्या दिवशी मामांच्या पत्नी, वत्सलाबाई, बाळंतपणाला गावी होत्या. मामांनी मोजणीदाराला चहा पाजला आणि सांगितलं, "आता नको साहेब. घर पुरं झालं की काढू." तो "बरं" म्हणून पुढच्या दारी गेला. पुन्हा आलाच नाही.

"अहो, एकट्याचा तरी काढून घ्यायचात!" मी चिडले.

"आन् उद्या कोनी इचारलं, ही बाई कोन, तर? घर पुरं दिसाया नको?"

मी यादी केली. रेशनकार्ड, मतदारयादीचा उतारा, मुलींचे जन्मदाखले, कारखान्याचं पत्र. एकेक कागद मिळवून खूण केली. यादी पुरी झाली की काम होतं, असा माझा आजवरचा अनुभव. मी स्वतः दोनदा फोटोपासाच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "कागद ठीक आहेत. माणूस पाठवू शनिवारी." कुठल्या शनिवारी, ते त्याने सांगितलं नाही.

एका शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. मामा इस्त्रीच्या सदऱ्यात, वत्सलाबाई ठेवणीच्या लुगड्यात, दोघी मुली वेण्या घालून दारात ओळीने बसलेल्या. शेजारी ओरडला, "काय रे साळवे, वरात कधी निघनार?" वत्सलाबाई मला म्हणाल्या, "धाकटी इचारते, फोटो म्हंजे कपडे न मळवनं का गं?"

पावसाळा संपल्यावर एका सोमवारी मामा उशिरा आले.

"आले बाई, शनिवारी. गाडी थांबली तवा मीच वत्सलाला म्हनलो, पदर नीट कर. मंग त्यांनी पहारी काढल्या."

"कागद दाखवले नाहीत?"

"समदे दाखवले. म्हनले, फोटोपास दाखव."

मी हजेरीपटात त्यांची वेळ लिहिली.

"पाडल्यावर फोटो काढला त्यांनी. मोकळ्या जागेचा. साहेब आमाला म्हनला, मधून सरका."

पुढच्या शनिवारी मामा सुटीचा भोंगा होईपर्यंत खोकी बांधत होते. मी सवयीने त्यांच्या नावापुढे आधीच अर्धी रजा लिहून ठेवली होती. ती खोडली.