आत्याबाईंचे परदेशी ड्रम

अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे कोणी वाचेल असं नाही, पण वाचलंच तर मला हसू नये. हसायचंच तर आमच्या आत्याबाईंना हसावं, त्यांना ते आवडतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. सबंध बीड जिल्ह्यात त्यांच्याइतकं जग फिरलेली बाई नसेल, आणि एवढं फिरून त्यांच्याइतकं कमी पाहून आलेलीही नसेल.

तरुणपणीच विधवा झाल्यावर त्या पुण्यात एका इंजिनिअरच्या घरी बाळ सांभाळायला राहिल्या. इंजिनिअरची बदली जिकडे, तिकडे बाळ, आणि बाळामागे आत्याबाई. जर्मनी, जपान, ब्राझील. हे सगळे देश त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले. जर्मनी म्हणजे बर्फात वाळत घातलेले, फळीसारखे ताठ झालेले शर्ट. जपान म्हणजे समोरच्या दुकानाबाहेर निथळत ठेवलेल्या छत्र्या. ब्राझील म्हणजे खिडकीत येऊन पोळी मागणारा एक लठ्ठ पोपट. देश चांगला की वाईट, हे तिथं ज्वारीचं पीठ मिळतं का यावर ठरायचं. "जर्मनी तशी लई चांगली," त्या सांगत, "पर माणसं उपाशी. भाकर म्हंजी काय, बिचाऱ्यांना ठावंच न्हाई." बाळ मोठं झालं तशा त्या गावी परतल्या. तेव्हापासून वहाणेत मोजे घालतात आणि कोणी भेटलं की कमरेत वाकून जपानी नमस्कार करतात. एकदा डेअरीच्या चेअरमनपुढं इतक्या वाकल्या की त्यांना वाटलं म्हातारीचं काही पडलं, आणि तेही खाली वाकून शोधू लागले.

असल्या बाईनं उतारवयात चित्रांचा धंदा काढला. बाळाचा हात धरून रंग भरता भरता त्यांचा स्वतःचा हात बसला होता. प्लायवूड, ऑइल पेंट आणि पत्र्याची शेड यासाठी त्यांनी गावातल्या महिला पतसंस्थेतून कर्ज घेतलं आणि जामीन मला केलं. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, आणि नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. हप्ता चुकला तर तो माझ्या दुधाच्या बिलातून कापायचा, असं ठरलं. म्हैस एकच. तिची पेंड त्या बिलातूनच यायची.

आत्याबाईंनी पहिली चित्रं सिरसाळ्याच्या बाजारात मांडली. पाऊस नव्हता, बाजारात माणसं कमी आणि विकायला आणलेली जनावरं जास्त. एक शेतकरी त्या ताठ शर्टांपुढं बराच वेळ उभा राहिला.

"भुताटकी हाय का ह्ये?"

"जर्मनी हाय."

"मंग तिथंच ऱ्हाऊ द्या की," म्हणाला आणि गेला.

एकही चित्र खपलं नाही. माझ्या बिलातून पहिला हप्ता कापला गेला.

उन्हाळ्यात टँकर सुरू झाले. रस्त्याकडेनं घराघराचे निळे ड्रम रांगेत लागायचे, सगळे एकासारखे एक, आणि टँकर गेला की कुणाचा कोणता यावरून झिंज्या धरण्यापर्यंत गोष्ट जायची. आत्याबाईंनी उरलेल्या रंगानं आपल्या ड्रमवर पोपट काढला. त्याला कोणी हात लावेना. मग शेजारणी आपापले ड्रम लोटत आल्या. प्लास्टिकवर रंग धरत नाही, म्हणून आत्याबाई आधी पॉलिशपेपरनं ड्रम घासायच्या. महिन्याभरात आमची गल्ली परदेशी झाली. "अवो जपान, सरका की म्होरं!" असं टँकरवाला ओरडायचा आणि जपान शिव्या देत सरकायचं. रंगवून घेणाऱ्या पुष्कळ, पैसे देणाऱ्या मात्र थोड्या. दुष्काळात मागायचे तरी कुणाला?

अशात किराणा दुकानदार आला. त्याला पॅरिसचा उंच मनोरा हवा होता, दुप्पट पैसे, तेही रोख.

"म्या पाह्यलाच न्हाई. काढू कशी?"

"फोटो देतो ना, आत्याबाई."

"मंग फोटूवाल्याकडूनच काढून घ्या."

मी मागं उभी होते. कधी नव्हे ते बोलले, "काढा ना, आत्याबाई. म्हशीची पेंड संपलीय."

"कावून? खोट्या ड्रमातलं पाणी तिला पाजशील व्हय?"

दुकानदार गेला. पुढचं बिलही कापून आलं आणि आमच्या घरात, म्हशीला काय भाव येईल, याची चौकशी सुरू झाली.

दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्यांना मुकादमाकडून हंगामाच्या मजुरीची आगाऊ उचल मिळाली. गल्लीतली एक बाई ड्रम घेऊन आली. दर वर्षी ती नवऱ्याबरोबर कारखान्यावर जाते.

"आत्या, तिकडं धा गावचे ड्रम एका जागी. माझा वळखू आला पायजे. पर तुमचं जपान नगं. माझं घर काढा."

"चल, बघू दे मंग."

आम्हाला वाटलं, त्या रस्त्यावर उभ्या राहून घर बघतील. त्या सरळ आत गेल्या आणि चुलीपाशी बसल्या. दुपारपर्यंत तिथूनच बाहेर बघत राहिल्या. चहा दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा साखर कमी आहे म्हणाल्या. मग ड्रमवर उतरलं ते असं: दाराची चौकट, झिजलेला उंबरा, त्यापलीकडं कोंबड्यांचं डालं आणि अर्धी शेळी. अर्धी, कारण उरलेली चौकटीआड होती.

"घर कुठंय ह्यात?" त्या बाईचा नवरा म्हणाला. "नुसतं दार! आन् शेळीबी पुरी न्हाई."

"तुमी गप बसा," ती म्हणाली. ड्रमसमोर उकिडवी बसून ती बघतच राहिली. "चुलीम्होरं बसलं की मला असंच दिसतं." आणि तिनं तिथंच कमरेची पिशवी सोडली.

दुसऱ्या दिवसापासून टोळीतल्या बायकांची रीघ लागली. आत्याबाई घरोघरच्या चुलीपाशी बसल्या. सगळ्यांनी रोख पैसे दिले. दिवाळीनंतर ट्रक भरले, आणि मागच्या फाळक्याला बांधलेली आमच्या गल्लीची दारं हलत हलत निघून गेली.

त्यानंतर आम्ही दोघी पतसंस्थेत निघालो. गल्लीत कुलपंच कुलपं. आत्याबाई एकेका बंद दारापाशी थांबत होत्या. "हितनं लिंब दिसतो," म्हणाल्या. पुढच्या दाराशी, "हितनं बिचारीला नुसती भिंत." मी इतकी वर्षं त्याच रस्त्यानं दूध घालायला जाते, पण ती घरं मी बाहेरूनच पाहिली होती.

राहिलेली सगळी रक्कम त्यांनी एकदम भरली. नोटांना ऑइल पेंटचा वास येत होता. कारकुनानं शिक्का मारला, माझा जामिनाचा कागद मला परत दिला आणि म्हणाला, "फिटलं सगळं, आत्याबाई. एक रुपया ऱ्हायला न्हाई."

"टोळी कवा येती रं माघारी?"

"गुढीपाडव्याच्या आसपास."

पावती त्यांनी पदराच्या गाठीत बांधली.

"लई लांब हाय," म्हणाल्या.