टाचेवरचा चिकाचा डाग

चोपड्याजवळच्या त्या गावात झुंबरबाई दोन कामं इमानेइतबारे करायची : केळीच्या बागेत राबणं आणि धाकट्या जावेवर जळणं. पहिल्या कामाला दुपारी भाकरीपुरती सुटी असे. दुसऱ्याला तीही नव्हती.

जाऊ यशोदाबाई गोरी. झुंबरबाईचा रंग काळ्या कसदार जमिनीचा. जमिनीचं कौतुक सगळं गाव करी. झुंबरबाईचं कुणी केलं नाही. चैत्र लागला की सासू भिकुबाई ओट्यावरून ओरडे, "यशोदा, सावलीमा बस माय, काळी पडी जाशी!" आणि त्याच दमात, "झुंबर, तू जाय बागमा. तुले काय ऊन लागस?"

झुंबरबाईलाही ऊन लागे. डोकं ठणके, खांद्यावरची कातडी चरचरे. पण काळ्या माणसानं तसं म्हणायची पद्धत नव्हती.

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात यशोदाबाईच्या गालांवर वांग उठले. घरात एकच हलकल्लोळ. तिचा नवरा अभिमन म्हणाला, जळगावला कातडीच्या डॉक्टरीणबाईला दाखवू. झुंबरबाई जळफळली. हिच्या दोन ठिपक्यांना जळगाव!

"मी बी येस," ती म्हणाली.

"तुले काय व्हयनं?" सासूने विचारलं.

हा प्रश्न अवघड होता. झुंबरबाईने घाईघाईने अंगभर आजार शोधला. शेवटी डावा पाय पुढे केला. टाचेखाली पावलीएवढा काळा डाग होता, कडेने वेडावाकडा. दोन वर्षांपूर्वी तो तिळाएवढा होता. तिने तो दगडाने घासला, रॉकेलने पुसला. केळीचा चीक लागला की काळा पडतो, बागेत राबणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर असे डाग. तेव्हा हाही चिकाचाच, असं सगळ्या गावाने ठरवून टाकलं होतं.

"तो केळीना चीक शे!" भिकुबाई म्हणाली.

"यशोदाना गालवरना डाग रोग, अन मना पायवरना चीक?"

झुंबरबाईचा नवरा गिरधर वर्षातून चारदा बोलायचा. त्यातली एक खेप त्याने तिथे खर्च केली, "जाऊ दे माय तिले."

डॉक्टरीणबाईंनी यशोदाबाईला दोन मिनिटांत मलम लिहून दिलं, उन्हात तोंडावर पदर घ्यायला सांगितलं. मग झुंबरबाईचा पाय मांडीवरच घेतला. भिंग काढलं. पुन्हा पाहिलं.

"बाई, चीक कपड्यावरून जात नाही, कातडीवरून पंधरा दिवसांत उतरतो. हा दोन वर्षं बसलाय, वर वाढतोय. कॅन्सर असू शकतो."

"आमले काळ्यासले तो व्हस का?" झुंबरबाईने विचारलं.

"काळ्या कातडीला ऊन जरा कमी बाधतं, बाधत नाही असं नाही. आणि हा तर तळपायाला, तळहाताला, नखाखाली होतो, जिथे ऊन पोचत नाही. म्हणून कुणी बघत नाही. तुम्ही वेळेवर आलात."

का आलो, हे झुंबरबाईने सांगितलं नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात टाचेचा तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला, पण वरवरचा. जांघेतल्या गाठीपर्यंत गेलेला नव्हता. टाच कोरली, मांडीची कातडी तिथे लावली. महिनाभर झुंबरबाई खाटेवर. भिकुबाई स्वतः शिरा करून भरवी आणि डोळे पुसे. गिरधरने वर्षाचा कोटा ओलांडला.

यशोदाबाईने हे चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी ती खाटेशी येऊन बसली आणि दोन्ही पाय पुढे करून म्हणाली, "अक्का, दख ना. मना पायले बी काही शे का?" आवाजात भीती होती, आणि थोडी आशाही.

झुंबरबाईने ते गोरे तळवे उजेडाकडे वळवले. बोटाबोटाच्या बेचक्या फाकवल्या, नखं एकेक करून पाहिली.

"काही नही शे."

यशोदाबाईचं तोंड एवढंसं झालं. "नीट दख ना, अक्का."

झुंबरबाईने पुन्हा पाहिलं, पहिल्यापेक्षा सावकाश. तळवे लख्ख होते. जावेचं काही चांगलं निघालं आणि आपल्या पोटात दुखलं नाही, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

"नही शे, बाई," ती म्हणाली. "आते हात दखाड."