दहाव्याचं मशीन

भिकन नानांकडे केस कापायची तीन मशीनं होती, आणि त्यांतलं तिसरं कुणी घरात घेऊ देत नव्हतं.

अमळनेरहून एसटीने अर्ध्या तासावर, बोरीच्या काठी त्यांचं गाव. गावात न्हावी एकच, भिकन नाना. पहिलं मशीन दुकानातलं, हाताने दाबायचं, रोजच्या डोक्यांचं. दुसरं विजेचं, पुतण्याने सुरतेहून आणून दिलेलं. त्याचा नानांना अभिमान होता आणि गिऱ्हाइकांना धाक. तिसरं बापाच्या हातचं. ते फक्त दहाव्याला, नदीवर चालायचं. एरवी लाल फडक्यात गुंडाळून गोठ्याबाहेरच्या खुंटीला टांगलेलं. दुकानात यायचं नाही, कुणाच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. ज्या घरात ते शिरेल त्या घरातलं माणूस वर्षाच्या आत जातं, असं नानांना बापाने सांगितलं होतं आणि बापाला त्याच्या बापाने. शहाणपणाच्या गोष्टी अशाच चालत येतात, आणि मूर्खपणाच्याही.

एकोणनव्वद सालच्या वैशाखात लिलाबाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. बायामाणसं न्हाव्याच्या दुकानाकडे फिरकत नाहीत, त्यामुळे आतलं गिऱ्हाईक साबण लावल्या तोंडाने बघतच राहिलं.

"नाना, हाऊ मरी जाई," ती म्हणाली. "काहीतरी करा."

हाऊ म्हणजे झिप्र्या, तिचा कुत्रा. तिचा नवरा पितांबर वायरमन होता. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याने हे लांब केसांचं पिलू पितांबरच्या हाती दिलं होतं. पितांबर पोलवर चढायचा आणि झिप्र्या खाली चपलांपाशी बसायचा. वर्षापूर्वी लाइन बंद आहे असं समजून पितांबर चढला. ती बंद नव्हती. झिप्र्या तेव्हाही खालीच होता.

तेव्हापासून त्या कुत्र्याला घरघर सहन होईना. पंखा लागला की तो थरथरायचा, लघवी करायचा, भिंतीत शिरू बघायचा. लिलाबाईने पंखा लावणंच सोडलं. खान्देशातल्या वैशाखात, पत्र्याखाली, बिनापंख्याचं झोपायचं! सासू मंजुळाबाई बोटं मोडायची. सासरे रुपचंद आबा दम्याने खोकत ओट्यावर पडून असायचे आणि कुणालाच काही बोलायचे नाहीत. दारासमोरच विजेची डीपी होती, दिवसभर गुणगुणणारी. म्हणून झिप्र्या लिलाबाईच्या खोलीत खाटेखालीच राहायचा आणि लाइट गेली की तेवढ्यापुरता बाहेर यायचा. सगळं गाव लाइट गेली म्हणून शिव्या द्यायचं, आणि लिलाबाई कुत्र्याला घेऊन परसात जायची.

मूलबाळ नव्हतं. दिवसातून चार शब्द ती बोलायची, ते त्याच्याशी. एवढंच तिचं उरलं होतं, आणि हे नानांना ठाऊक होतं.

अमळनेरहून जनावरांचा डॉक्टर येऊन गेला होता. गळ्याखाली जखम, वर केस गुंतून त्यांचा घट्ट नमदा झालेला, आत अळ्या. "केस मुळापासून काढा, जखम मोकळी करा, मग औषध लावा," तो म्हणाला. "नाहीतर हा आठ दिवस काढणार नाही." काढायचे कसे, ते त्याने सांगितलं नाही.

नाना आधी विजेचं मशीन घेऊन गेले. अभिमान होता ना! बटण दाबलं मात्र, झिप्र्या किंचाळला, नानांच्या मनगटात दात रुतवून खाटेखाली गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी लाइट गेल्यावर परसात कात्री चालवून पाहिली. कान निम्मा झाला नाही तोच लाइट आली. त्याने हिसडा मारला, कात्री कानाला लागली, रक्त आलं. तिसऱ्या दिवशी खाटेशेजारी बसून दुकानातलं हातमशीन. त्याची स्प्रिंग दर दाबाला कचकच करायची, आणि पाती बोथट, केस कापण्याआधी ओढायची. तेलात बुडवून आणलं तरी तेच. झिप्र्या आता चावतही नव्हता. नुसता थरथरत होता, आणि खोलीत वास सुटला होता.

पितांबरचं नाव न घेता लिलाबाई म्हणाली, "यास्नी शेवटली हाक यालेच मारेल व्हती, नाना."

नाना घरी आले आणि जेवले नाहीत. त्यांना पितांबरचा दहावा आठवत होता. चुलतभावांची डोकी त्यांनीच केली होती, आणि हा कुत्रा मशीनपासून हातभर अंतरावर बसला होता. कान हलवला नव्हता त्याने. हलवणार कसा? बापाचं ते मशीन महिन्यातून एखाद-दोनदा चालणारं, लोण्यासारख्या स्प्रिंगचं. श्वास ऐकू येईल, पण ते ऐकू येणार नाही.

दोन दिवस नाना त्या खुंटीसमोरून जात-येत राहिले. दहाव्याखेरीज माणसाला लावायचं नाही, हे खरं. कुत्र्याबद्दल बाप काही बोलला नव्हता. पण उंबऱ्याबद्दल बोलला होता, आणि कुत्रा तर उंबऱ्याच्या आत होता. तिसऱ्या सकाळी त्यांनी लाल फडकं खुंटीवरून काढलं.

मंजुळाबाई शेतात गेली होती. लिलाबाईने दार उघडलं. नानांच्या हातात काय आहे ते तिने पाहिलं. गावातल्या लेकराला कळतं, तर तिला कळणार नाही का? नाना बाहेरच थांबले. तिने दाराचं दुसरं कवाडही उघडलं.

"या," ती म्हणाली.

तीन सकाळी नाना खाटेखाली अर्धे शिरून बसले. झिप्र्याने पहिल्यांदा मशीनचा वास घेतला आणि मान खाली टाकली. नमदा चामड्यासारखा सुटत गेला. जखम मोकळी झाली, लिलाबाईने चिमट्याने अळ्या काढल्या, औषध भरलं. तिसऱ्या दिवशी झिप्र्याने भाकरी खाल्ली. लिलाबाई रडली, आणि नानांनाही रडू आलं. पन्नास वर्षांत त्यांच्या हाताखाली कुणाचं भलं झाल्याचं त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. तेवढ्यात मंजुळाबाई डोक्यावर भारा घेऊन दारात आली.

"हाई लाल फडकं घरमा कसाले लई उनात, भिकन भाऊ?"

नाना फडकं आवरायला लागले.

"नानाले मीच बलावं," लिलाबाई म्हणाली.

भाद्रपदात रुपचंद आबा गेले. दहा वर्षांचा दमा होता, डॉक्टरने कधीच हात टेकले होते. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि गावाला फांदीपेक्षा कावळ्याची कथा जास्त आवडते.

दहाव्याला नाना पहाटेच नदीवर गेले. दगड धुतला, वाटीत पाणी घेतलं, फडकं सोडून बसले. आबांचे पुतणे आले, नानांच्या समोरून गेले आणि वीस पावलांवर बसले. पारोळ्याहून न्हावी आणला होता. त्याने नानांकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून कामाला लागला. नाना उन्हं वर येईपर्यंत तसेच बसून राहिले. उठावं तरी लोक बघणार, बसावं तरी बघणार.

त्यानंतर त्यांना कुणी दहाव्याला बोलावलं नाही. दुकानातही गिऱ्हाईक विचारून घ्यायचं, "नाना, हाई कोन्तं मशीन शे?" लोक खोटं बोलत होते असं नानांनी ठणकावून सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. पण आबांना आपणच नेलं की काय, याची त्यांना स्वतःलाही खात्री नव्हती. ती शिक्षा गावाने दिलेली नव्हती, म्हणून ती संपतही नव्हती.

लिलाबाईचं अंथरूण सासूने तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर ठेवलं. न्यायला भाऊ शिरपूरहून आला. झिप्र्याला एसटीत चढवून पाहिलं. इंजिन सुरू झाल्याबरोबर तो खिडकीवर आपटला आणि कंडक्टरने दोघांनाही खाली उतरवलं. लिलाबाई त्याला घेऊन नानांच्या अंगणात आली.

"नाना, यानं काय करू?"

"आठेच राहू दे, माय."

तिने दोरी नानांच्या हातात दिली आणि मागे न बघता गेली. एवढा खटाटोप त्याला तिच्यापाशी ठेवायला केला होता, आणि आता तोच नानांच्या दारात बसून बसस्टँडच्या वाटेकडे बघत होता.

नानांनी घरातला पंखा काढून पुतण्याला दिला. दर दोन महिन्यांनी परसात बसून ते झिप्र्याचे केस काढायचे, त्याच मशीनने. त्याला आता दुसरं काम नव्हतंच. लिलाबाईचं पोस्टकार्ड यायचं. भावाच्या घरी धुणीभांडी करते हे त्यात नसायचं, ते इतरांकडून कळायचं. त्यात एवढंच असायचं : झिप्र्याचे केस वाढले का?

पाच वर्षांनी, माघात, झिप्र्या झोपेतच गेला. नानांनी त्याला नदीकाठी पुरलं आणि शिरपूरला कार्ड टाकलं.

दहाव्या दिवशी ते नदीवर गेले. दगड धुतला, फडकं सोडलं, आणि टोपी काढून मशीन स्वतःच्याच डोक्याला लावलं. धुणं धुणाऱ्या बाया हसल्या. कुत्र्याचा दहावा घालतो म्हणे न्हावी! नानांनी पुढचे केस काढले, बाजूचे काढले. मागे हात पुरेना. खांदा दुखायला लागला.

कुणीतरी ते हातातून काढून घेतलं. लिलाबाई होती. सकाळच्या गाडीने आली होती. केस पांढरे झालेले, पायांत चपला नव्हत्या.

"तुले नको लागू दे ते," नाना म्हणाले. "बाईमाणूसनं काम नही."

"मान खाले करा," ती म्हणाली.

बाया हसायच्या थांबल्या. लिलाबाईने डाव्या हाताने नानांचं डोकं धरलं, आणि खाटेखाली तीन सकाळी जसं पाहिलं होतं तसंच, हळूहळू, मानेपासून वर मशीन चालवलं. पांढरे केस दगडावर पडत राहिले.

"आवाज येस का?" तिने विचारलं.

"नही, माय," नाना म्हणाले.